मेबॅकची वाट बघताना

दसऱ्याची दुपार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आज एकही लेथ फिरत नाही. एरवी या गल्लीत शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आज टपरीवरचा रेडिओ पार टोकापर्यंत ऐकू येतो. शटरं अर्धी वर आहेत. वाकून आत बघावं तर लेथच्या चकाला झेंडूची माळ, ड्रिल मशीनला हळदीकुंकू, पाटावर ओळीनं मांडलेले पाने, हातोडे, मायक्रोमीटर. फरशी धुऊन काढलेली. ग्रीसचा वास मात्र धुतला जात नाही.

ऊन ऑक्टोबरचं आहे. पत्रे तापलेत. सावली धरून चालावं लागतं.

गल्लीच्या शेवटी गॅरेज. दारात एक येझदी, एक राजदूत आणि बॉनेट काढून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी. तिघींच्याही कपाळी कुंकू. मेस्त्री आज पांढऱ्या सदऱ्यात आहेत, पण नखांतलं काळं तसंच. "या, पेढा घ्या," म्हणतात आणि फडक्यानं येझदीची टाकी पुसायला लागतात. आधीच चकचकीत आहे ती. तरी पुसतात.

येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. पद्मिनीचं उत्पादनही या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. मग यांना भाग कुठून मिळतात? मेस्त्री फळीवरून पितळी बुश काढून तळहातावर ठेवतात. जुना झिजलेला एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला. "नमुना असला की झालं. पलीकडच्या लेथवर करून घेतलाय."

हा या गावाचा जुना रिवाज. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथले हात ओतकामात तयार झाले. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून मोटारींचे आणि ट्रॅक्टरांचे सुटे भाग दूरदूर जातात. त्या बुशकडे बघताना हे सगळं हातात धरल्यासारखं वाटतं.

दहा-बारा वर्षांचं एक पोरगं येझदीवर चढून बसलंय. किक मारतं. गाडी खोकते. पुन्हा किक. दोन्ही सायलेन्सर एकदम बोलायला लागतात आणि रिकामी गल्ली दणाणते. "आता गिअरचा दांडा कुठाय?" पोरगं खाली वाकून शोधतं. मेस्त्री हसतात. ज्या दांड्यानं किक मारली तोच आत दाबून पुढं वळवतात. किकही तोच, गिअरही तोच. पोराचे डोळे मोठे होतात. संग्रहालयात काचेपलीकडे उभी केलेली येझदी ही गंमत सांगू शकत नाही. कुणीतरी ती चालू करून दाखवावी लागते.

चार वाजून गेलेत. मेस्त्री शटर ओढतात, खिशात आपट्याची पानं घालतात. हाताखालची दोन पोरं, ते किक मारणारं पोरगं, सगळे दसरा चौकाकडे निघतात. रस्त्यात प्रत्येक गाडीला माळ आहे. रिक्षाला झेंडू, टेंपोला आंब्याची डहाळी, नव्या मोटारीच्या चाकाखाली लिंबू. लक्ष्मीपुरीतला फोर्ड कॉर्नर येतो. ज्या कंपनीचं नाव या कोपऱ्याला आहे, तिनं भारतातलं उत्पादन थांबवायचं 2021 मध्येच जाहीर केलं. रिक्षावाला अजून 'फोर्ड कॉर्नर'च म्हणतो.

दसरा चौकात पाय ठेवायला जागा नाही. बोर्डिंगच्या भिंतींवर, गच्च्यांवर, झाडांवर माणसं. मैदानात आपट्याच्या पानांचा लक्कडकोट उभा आहे. फेटे बांधलेले मानकरी येताहेत. शेंगदाण्याच्या पुड्या हातोहात पुढं जातात. शर्ट पाठीला चिकटलाय. लहान मुलं बापाच्या खांद्यावर.

"आली का?"

"न्हाई अजून."

अंबाबाईची पालखी येते तेव्हा हात जोडले जातात. तुळजाभवानीची येते, गुरुमहाराजांची येते. पुन्हा माना न्यू पॅलेसकडच्या रस्त्याला वळतात. वाट आता मेबॅकची आहे.

कोल्हापूर संस्थानच्या राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन मोटार. मेबॅक कारखाना आधी झेपेलिन वायुनौकांची इंजिनं करायचा. 1921 ते 1941 या काळात त्यानं साधारण 1800 मोटारी केल्या, बस्स. कारखाना इंजिन आणि सांगाडा द्यायचा. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे दुसरे कारागीर बांधायचे. जर्मनीत नॉयमार्क्ट गावी खास या मोटारींचं संग्रहालय आहे. लोक तिकीट काढून बघायला जातात. कोल्हापुरात शेंगदाणे खात रस्त्याच्या कडेला उभं राहायचं.

शिट्ट्या वाजतात. दोर ताणला जातो. आधी वर गेलेले शेकडो मोबाइल दिसतात, मग दोन मोठे गोल दिवे, मग बॉनेट. बॉनेट संपतच नाही. गाडी माणसाच्या चालीनं येते. चौक ओरडतो. इंजिनाचा आवाज त्यात बुडून जातो.

मेस्त्री ओरडत नाहीत. त्यांची नजर रेडिएटरवर आहे. "असल्या गर्दीत पहिल्या गिअरवर रांगायचं म्हणजे इंजिन तापतं. क्लच जळायची भीती. चालवणाऱ्याचा पाय बघा." पाय दिसत नाही. पण गाडी एकदाही आचका देत नाही, वाफ निघत नाही. मेस्त्री मान डोलावतात. या वयाच्या गाडीचं पाणी, तेल, प्लग, टायर कुणीतरी वर्षभर बघितलंय, तेव्हा ती आज इथवर आली. त्या माणसाला माझा मनापासून नमस्कार.

सूर्य कलतो. शमीपूजन होतं. बंदुकीच्या फैरी झडतात, कबुतरं उडतात आणि लक्कडकोटावर झुंबड उडते. पानं लुटली जातात. अनोळखी माणूस हातात पान ठेवून पाया पडतो. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

गर्दी फुटल्यावर हाताखालची दोन पोरं तावातावानं भांडताना सापडतात. विषय मेबॅकच्या सिलिंडरांचा. सहा की आठ? मेस्त्री भांडण तोडतात आणि बोलणं दुसऱ्या जुन्या गाड्यांकडे नेतात. अहिल्यानगरला लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, 1994 सालचं. तिथं पकडून आणलेला पॅटन आहे, रोल्स रॉइसची चिलखती मोटार आहे. कोइमतूरलाही मोटारींचं संग्रहालय आहे. तेही आपल्यासारखंच फाउंड्रीचं गाव. 2015 मध्ये त्यांनी ते उभं केलं.

मला वाटतं, अशा जागांना तिकिटाइतकेच असे हात हवेत. रविवारी जाऊन एखादं अडलेलं इंजिन उघडणारे. घरातलं जुनं मॅन्युअल भंगारात न घालता नेऊन देणारे. झिजलेला बुश बघून नवा करून देणारे. उद्यमनगरात असे हात गल्लीगल्लीत आहेत.

"अहिल्यानगरला एसटीनं किती पडतील?" एक पोरगं विचारतं.

"आधी पद्मिनीचं इंजिन बसवा," मेस्त्री म्हणतात. "तिच्यातनंच जाऊ."

किक मारणारं पोरगं लगेच पुढची सीट मागून घेतं.