‘स्पॅममध्ये बघा की’

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला कामाला जाणाऱ्यांत जे खरेदीच्या टेबलावर बसतात, त्यांच्या कानावर हे वाक्य सारखं पडतं: ‘साहेब, कोटेशन कालच पाठवलंय, स्पॅममध्ये बघा की.’ मग ऑफिसात निदान ठरलेलं. मजकुरात ‘फ्री’, ‘ऑफर’ किंवा ‘अर्जंट’ आलं असणार, म्हणून फिल्टरनं उचललं.

एका शब्दावर मेल अडकत नाही. पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरनं ऑगस्ट २००२ मध्येच दाखवलं होतं, की आधीच्या चांगल्या आणि वाईट मेलमध्ये कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजून, सगळ्या शब्दांचा एकत्रित कौल घेता येतो. गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांचं. गंमत म्हणजे, भडक लाल अक्षरांसाठीचा रंगाचा कोड हा अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा निघाला! चांगल्या बाजूचे शब्दही मोजले जातात. फाउंड्रीच्या मेलवर तयार झालेल्या फिल्टरला ‘पॅटर्न’, ‘कास्टिंग’, ‘हीट नंबर’ दिसले, की पारडं इनबॉक्सकडं झुकतं. आजचे फिल्टर याच्या बरेच पुढं गेलेत.

पण मजकुराआधी झडती होते ती पाठवणाऱ्याची, आणि कोटेशन अनेकदा तिथंच अडकतं. मेल पोचवण्याचे मूळ नियम १९८२ चे. त्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोयच नव्हती; पाकिटामागं कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसा प्रकार. ती भोकं नंतर तीन ठिगळांनी बुजवली. या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून निघतात याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. प्रत्येक मेलवरची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. आणि दिसणाऱ्या पत्त्याचं डोमेन या दोन्हींपैकी एकाशीही जुळत नसेल तर मेलचं काय करायचं, ते सांगतो डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं प्रत्येकाला पहिल्या दोन्हींपैकी एक तरी सक्तीचं केलं. वैयक्तिक जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. शिवाय अशांच्या हजार मेलमागं तीन जणांनी ‘स्पॅम’ बटण दाबलं, तरी मर्यादा गाठली जाते. आपल्याकडं वेबसाइट करून देणारा माणूस या तिन्हींच्या नोंदी न घालताच बिल घेऊन मोकळा होतो. त्यात होस्टिंग स्वस्तातलं असेल, तर एकाच सर्व्हरवर शेकडो कंपन्या. त्यातल्या एकीनं कचरा पाठवला, की बदनामी सगळ्यांची.

‘स्पॅममध्ये होता, म्हणजे मिळालाच नाही’ हे तर कर सल्लागाराच्या ऑफिसात चालणारच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नेमून दिलेल्या संगणक यंत्रणेत मेल शिरला की तो पोचला. ‘उघडला की’ असं तिथं लिहिलेलं नाही. जीएसटी कायद्याचं कलम १६९ नोंदणीवेळी दिलेल्या ई-मेलवर नोटीस बजावायला परवानगी देतं. आणि जीमेल स्पॅममधला माल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकतं. उलट काही मेल सर्व्हरच्या दारातूनच परत जातात. ते स्पॅममध्येही सापडत नाहीत, तेव्हा ‘पाठवलाच नसेल’ म्हणून समोरच्याला खोटं ठरवू नये.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र उलट्या बाजूचा आहे: इनबॉक्समध्ये आलाय, म्हणजे खरा असणार. चोरानं तुमच्या जुन्या सप्लायरचा पासवर्डच मिळवला असेल, तर मेल खऱ्या खात्यातून, खऱ्या सहीनिशी, जुन्याच पत्रव्यवहाराखाली येतो: ‘आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर टाका.’ ना लिंक, ना लाल अक्षरं. तिन्ही तपासण्या पास. पत्ता खरा आहे का, एवढंच त्या विचारतात. लिहिणारा कोण आहे, हे त्यांना कळत नाही. म्हणून खाते क्रमांक बदलला की फोन करायचा, तोही मेलमधल्या नंबरवर नव्हे, जुन्या बिलावरच्या. पैसे गेलेच असतील, तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच घटकेला कळवायचं. चोरानं ते खात्यातून काढले नसतील, तोवरच ते गोठवता येतात.