उजव्या हाताची शिकवणी

टेंभुर्णीच्या आसपास मोटरसायकल चालवायला कुणी कुणाला शिकवत नाही. पोरगं आठवी-नववीत असतं, वस्तीवरून दूध डेअरीला पोचवायचं असतं, बाप उसात पाणी धरत असतो. दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेली गाडी आपसूक पोराच्या हातात येते. पुढं अठरा पूर्ण झाल्यावर अकलूजच्या आरटीओसमोर पाय न टेकवता आठचा आकडा काढला, की सरकारच्या लेखी शिक्षण संपलं. त्यानंतर तो माणूस वीस-पंचवीस वर्षं रोज कुर्डुवाडी, करकंब, इंदापूर, पंढरपूर करत राहतो. त्याला कुणी म्हणालं, ‘दादा, गाडी चालवायच्या क्लासला येता का?’ तर तो हसेल, आणि बरोबर असलेल्यांनाही हसवेल.

जगात मात्र नेमकं याच माणसासाठी एक शिक्षण आहे, आणि ते जुनं आहे. १९३०च्या दशकात लंडनच्या पोलिसांनी हेंडनला आपली ड्रायव्हिंग शाळा काढली, ती काही नवशिक्यांसाठी नव्हती. गाडी चालवता येणारेच पोलिस तिथं शिकायला पाठवले जात, कारण चालवता येणारेच पोलिस गाड्या ठोकत होते. त्या परंपरेतून पुढं ‘रोडक्राफ्ट’ हे पुस्तक आलं आणि त्याची मोटरसायकलवाल्यांसाठीची वेगळी आवृत्ती निघाली. १९५६ साली ब्रिटनमध्ये सामान्य लोकांसाठी प्रगत चालकांची एक संस्था उभी राहिली, तिच्या परीक्षेला लायसन्स असलेला माणूस स्वतःहून, फी भरून बसतो. अमेरिकेत १९७३ साली मोटरसायकल कंपन्यांनीच पुढाकार घेऊन सुरक्षेसाठी संस्था काढली. लायसन्स खिशात असताना पुन्हा परीक्षा द्यायची, ही कल्पना आपल्याकडं अजून चेष्टेचा विषय आहे.

आपल्याकडचे आकडे मात्र चेष्टेचे नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्यामुळं गेलेल्यांची नोंद त्याच अहवालात पन्नास हजारांच्या वर आहे. हेल्मेटबद्दल इथं इतकंच पुरे. ते आरशाला किंवा दांडीला अडकवून फिरणाऱ्यांना सगळं ठाऊक असतं, त्यांना लेख लिहून उपयोग नाही. हेल्मेट लागतं ते धडक बसल्यावर. प्रगत प्रशिक्षणाचा सगळा मामला त्याच्या आधीच्या दोन सेकंदांचा आहे.

हे दोन सेकंद मोजले गेलेले आहेत. हॅरी हर्ट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं लॉस एंजेलिस परिसरात मोटरसायकलच्या ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली, शिवाय ३,६०० पोलिस अहवाल चाळले. १९८१ साली त्याचा अहवाल आला आणि मोटरसायकल प्रशिक्षणाचा पाया आजही बराचसा त्यावरच उभा आहे. त्यातलं पहिलं निरीक्षण असं, की धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालवणाऱ्याकडं साधारण दोन सेकंदांहूनही थोडा कमी वेळ असतो. दुसरं, त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं होतं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नव्हता. तिसरं, झटकन वळवून वाट काढणं जवळपास कुणालाच जमलं नव्हतं. आणि या सगळ्यांत सुमारे ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले होते. म्हणजे दुधाच्या कॅनवाल्या पोरासारखेच.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे, ती मला सगळ्यांत बोलकी वाटते. अपघातातल्या निम्म्याहून जास्त लोकांना *त्या* गाडीवर पाच महिनेही झालेले नव्हते. एकूण चालवण्याचा अनुभव मात्र सरासरी तीन वर्षांच्या जवळ होता. अनुभव गाडीगणिक थोडा मागं पडतो. पंधरा वर्षं स्प्लेंडर चालवलेला माणूस उसाच्या बिलात बुलेट घेतो, तेव्हा सवय शंभर किलोच्या आसपासच्या गाडीची असते आणि खाली असतं त्याच्या जवळपास दुप्पट वजनाचं धूड.

आता ब्रेक. ‘पुढचा दाबू नको, पालथा पडशील’ हे वाक्य आपल्याकडं गाडी शिकवण्याचा पहिला आणि बऱ्याचदा शेवटचा पाठ असतो. तो खोटा नव्हता. ज्या माणसांनी तो दिला, त्यांच्या काळात वस्तीवरची वाट मुरमाची होती, पावसात काळ्या मातीचा राडा व्हायचा, टायर गुळगुळीत व्हायचे आणि ड्रमचा ब्रेक कधी लागेल, कधी अडकेल याचा भरवसा नसायचा. खडीवर वळताना पुढचा दाबला की माणूस खरंच आडवा व्हायचा. पण तीच माणसं आणि त्यांची पोरं आता डांबरावर आणि काँक्रीटवर ऐंशीनं जातात, आणि उजवा हात अजून मुरमाच्या वाटेवरच आहे.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं झुकतं. पुढच्या टायरवर दाब वाढतो, तो रस्त्याला जास्त चिकटतो. मागचा टायर हलका होतो आणि त्यावर पाय दिला की तो रस्ता सोडून घसरायला लागतो. त्यामुळं कोरड्या डांबरावर गाडी थांबवण्याचं बहुतांश काम पुढचं चाक करतं. हिशोब करून बघा. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन्ही ब्रेक नीट लावता आले, तर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये गाडी उभी राहते. फक्त मागचा लावला तर ४० मीटरच्या आसपास लागतात. याचा खरा अर्थ अंतरात नाही, वेगात आहे: पहिला माणूस जिथं पूर्ण थांबला, त्या जागेवरून दुसरा अजून ताशी ४० हून जास्त वेगानं पुढं चाललेला असतो.

मैदानावर शिकवतात ते ‘पुढचा दाबा’ इतकंच नसतं. झटका देऊन दाबला, तर वजन पुढं सरकायच्या आधीच चाक अडकतं आणि म्हाताऱ्यांचं भाकीत खरं ठरतं. लिव्हर आधी हलकेच घ्यायचा, पुढचा शॉकअप खाली बसल्याचं हाताला कळलं की मग जोर वाढवत न्यायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदात. हँडल सरळ, मान वर, नजर लांब, थांबता थांबता क्लच आणि पहिला गिअर. वीस वर्षं चालवणाऱ्याला हे करायला सांगितलं की पहिल्या चार-पाच वेळा त्याचा पायच आधी जातो. हात लिव्हरवर नुसता ठेवलेला राहतो. नवशिक्या लवकर शिकतो, कारण त्याला विसरायचं काही नसतं.

सरकारनं यातलं थोडं काम यंत्रावर सोपवलं आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्यांना निदान सीबीएस, म्हणजे मागचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक अडकू देत नाही. पण ज्या हातानं लिव्हर कधी पूर्ण दाबलाच नाही, त्याच्यासाठी एबीएस जागंच होत नाही. आणि माढा तालुक्यातल्या पारावर उभ्या असलेल्या निम्म्या गाड्या त्या तारखेच्या आधीच्या असतील.

वळण्याची गंमत तर आणखी वेगळी. विमानवाले राइट बंधू मुळात सायकलवाले. त्यांतल्या विल्बरनं बऱ्याच सायकलस्वारांना विचारलं होतं, डावीकडं कसं वळता? बहुतेक सगळे म्हणाले, हँडल डावीकडं फिरवून. प्रत्यक्षात प्रत्येक जण आधी क्षणभर हँडल उजवीकडं नेतो, सायकल डावीकडं कलते आणि मग वळते. हे आपण करतो याचा कुणाला पत्ताच नव्हता. मोटरसायकलचंही तेच. वेगात असताना डावीकडं जायचं असेल तर डाव्या मुठीवर पुढच्या दिशेनं दाब द्यायचा. सगळे नकळत हेच करतात, पण समोर अचानक म्हैस आली की नकळत केलेली गोष्ट हुकमी होत नाही. माणूस ताठरतो, म्हशीकडं एकटक बघतो आणि तिच्यावरच जातो. जिथं नजर, तिथं गाडी. म्हणून प्रशिक्षक सतत ओरडत असतात, अडथळ्याकडं बघू नका, त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघा.

नजरेचं शिक्षण हा या विद्येचा सगळ्यांत मोठा भाग, आणि तो टेंभुर्णीइतका दुसरीकडं कुठं लागू पडेल असं वाटत नाही. पुणे-सोलापूर महामार्ग, पूर्वीचा नऊ नंबर आणि आताचा ६५, इथून जातो. पंढरपूर, करमाळा-नगर आणि कुर्डुवाडी-बार्शीकडच्या वाटा इथं येऊन मिळतात. उजनीचं पाणी, म्हणून ऊस. ऊस म्हणून कारखाने. आणि दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की चार-पाच महिने रस्त्याचा मालक बदलतो. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही अंगांना बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या, मागचे दिवे त्या उसाच्या आड. रात्री समोरच्या ट्रकच्या लाइटनं डोळे दिपलेले असताना अशी ट्रॉली दिसते तेव्हा ती फार जवळ असते.

ब्रिटिश पोलिसांच्या पद्धतीत पहिली पायरी माहिती गोळा करण्याची. त्यानंतर रस्त्यावरची जागा, मग वेग, मग गिअर, शेवटी रेस. इथं ती माहिती जमिनीवर पडलेली असते. रस्त्यावर उसाचं वाढं किंवा कांडकी दिसायला लागली, की पुढं ट्रॉली आहे. शेतातून निघालेल्या चाकांचे चिखलाचे पट्टे डांबरावर आले, की डाव्या-उजव्या हाताला पाणंद आहे आणि तिथून काहीही बाहेर पडेल. पट्ट्यावर ब्रेक मारायचा नाही. आणि एका रांगेत ठेवलेले दगड. पंक्चर झालेल्या गाडीचा ड्रायव्हर मागं सावधगिरी म्हणून दगड मांडतो, चाकाखाली ओट म्हणून दोन मोठे लावतो, चाक बदललं की निघून जातो, दगड तिथंच. पुढच्या वाहनाच्या बुडाला चिकटून चालणाऱ्याला ते त्याच्या दोन चाकांमधून अचानक प्रकट होतात. अंतर ठेवण्याचं याहून पटणारं कारण मला माहीत नाही. साहेबांच्या पुस्तकात हे दगड नाहीत, पण पद्धत तीच आहे: जिथपर्यंत मोकळा रस्ता दिसतो, तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग.

सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेनं येणारा, दुभाजक फोडून केलेल्या वाटेतून ट्रॅक्टर आडवा घालणारा, आषाढीत करमाळ्याकडून पहाटेच्या अंधारात चालत येणारी दिंडी, हे सगळे चुकत असतील किंवा नसतील. प्रगत चालवणारा त्यांना शिव्या देत नाही असं नाही. तो आधी जागा सोडतो आणि मग शिव्या देतो.

हे शिकायला जायचं कुठं? भारतात सराईतांसाठीच्या शाळा बहुतेक शर्यतीच्या वाटेनं आल्या. कीथ कोड या अमेरिकन माणसानं १९८० साली काढलेली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर वर्ग घेते. कोडचं म्हणणं असं, की माणसाचं लक्ष म्हणजे दहा डॉलरची नोट. नवशिक्याचे नऊ डॉलर नुसत्या क्लचवर खर्च होतात, शिकलेल्याचे पाच पैसे, उरलेलं सगळं रस्त्यासाठी. विचार उत्तम, पण तिथं पोचायला सुपरबाइकवाल्याचा खिसा लागतो. इकडं पुण्यात भोसरीला १९६७ पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, नाशिक फाट्याजवळ चाचणीचा अद्ययावत ट्रॅक आहे, एसटीच्या ड्रायव्हरला उजळणीचं प्रशिक्षण असतं. बस चालवणाऱ्याला उजळणी लागते हे महामंडळाला कळतं. देशात सगळ्यांत जास्त मरणाऱ्या दुचाकीवाल्याला ती लागते हे कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. आपल्याकडचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे चारचाकीचं, टपावर लाल ‘एल’वालं.

तोवर टेंभुर्णीच्या माणसाला स्वतःपुरती सोय करता येते. एमआयडीसीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी मोकळे असतात. हेल्मेट, फुल पँट, बूट. एक जण दोन्ही बाजूंना नजर ठेवायला. खडूनं आडवी रेघ मारायची. ताशी वीसला सुरुवात, रेघेवर ब्रेक, कुठं थांबलो तिथं खूण. मग तीस, मग चाळीस. आधी फक्त मागचा, मग दोन्ही. खुणांमधलं अंतर स्वतःच्या पावलांनी मोजलं की मग कुणाच्या लेखाची गरज उरत नाही. दुसऱ्या फेरीत मागं माणूस बसवून करायचं, कारण मागं ओझं असलं की मागचा ब्रेकही बऱ्यापैकी काम करतो आणि हाताचा अंदाज पुन्हा बदलतो. ओल्या रस्त्यावर, वाळूवर आणि कललेल्या गाडीवर यातलं काही करायचं नाही.

पण त्याआधी गॅरेज. बऱ्याच गाड्यांचा पुढचा लिव्हर दाबला की थेट मुठीला टेकतो. केबल ढिली असते, शूज झिजलेले असतात, आणि कित्येकदा मालकानंच मेकॅनिकला ‘पुढचा जरा ढिलाच ठेव’ असं सांगितलेलं असतं. केबल ओढून घ्यायला पाच मिनिटं लागतात, शूज बदलायचे तर अर्धा तास. टायरमधली हवाही तेव्हाच बघून घ्यावी, दुधाच्या गाडीला मागं कंपनीनं सांगितलेली ओझ्याची हवा, रोजच्या एकट्या माणसाची नव्हे.