विरहातून उभा राहिलेला निर्धार

सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे १९२० साली जन्मलेल्या शाहीर अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे तमाशाच्या परंपरेतील लावणीच्या वळणाची गीतरचना, वरवर पाहता पोटासाठी मुंबई गाठलेल्या कष्टकऱ्याने गावी राहिलेल्या पत्नीसाठी गायिलेले विरहगीत वाटते. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून मुंबईत गेलेल्या असंख्य कुटुंबांना हा विरह ठाऊक होता. अण्णा भाऊंचे कुटुंबही त्याच वाटेने गेले. मात्र रचनेचे खरे सामर्थ्य तिच्या वळणात आहे: निरोपाचा प्रसंग रंगवून झाल्यावर शाहीर मुंबईतील विषमता दाखवतो आणि संयुक्त महाराष्ट्राच्या, म्हणजे मराठी भाषकांचे मुंबईसह एकच राज्य व्हावे या मागणीच्या, लढ्यात उतरतो, तेव्हा पत्नीची ताटातूट आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांवाचून खंडित राहिलेला महाराष्ट्र ही एकच वेदना होते. तुलनेसाठी पाहायचे तर, स्पेनमध्ये २०२० च्या महासाथीत सज्ज्यांतून गायिले गेलेले ‘रेसिस्तिरे’ हे १९८८ चे गीत एका व्यक्तीची न मोडण्याची प्रतिज्ञा आहे. अण्णा भाऊंचा नायक मात्र आपले दुःख लढ्याच्या स्वाधीन करतो, आणि म्हणूनच ही रचना अधिक धाडसी ठरते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र स्थापन झाला. ती चारही ठिकाणे राज्याबाहेरच राहिली.