वेंधळा होमर

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगॉन राज्यात पोर्टलंड नावाचे नगर आहे. तेथे १९५४ साली मॅट ग्रोनिंग यांचा जन्म झाला. त्यांचे वडील होमर ग्रोनिंग हे व्यंगचित्रे काढीत व लहान चित्रपटही तयार करीत. पित्याचा हा छंद पुत्राने उचलला. पुढे दूरचित्रवाणीसाठी एका कुटुंबाच्या गोष्टी चलच्चित्रांतून सांगण्याची संधी मॅट यांना मिळाली, तेव्हा नावांसाठी त्यांना फारसे घराबाहेर जावे लागले नाही. आईचे नाव आईला, बहिणींची नावे मुलींना आणि वडिलांचे नाव बापाला देऊन ते मोकळे झाले. अशा रीतीने होमर सिम्प्सन जन्मास आला. १९८७ साली तो प्रथम लहान लहान प्रसंगांतून दिसला आणि १७ डिसेंबर १९८९ पासून ‘द सिम्प्सन्स’ ही अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका सुरू झाली. खऱ्या होमरचे व चित्रातल्या होमरचे साम्य मात्र नावापुरतेच होते.

चित्रातला होमर स्प्रिंगफील्ड नावाच्या गावी राहतो. त्याची पत्नी मार्ज. मुले तीन : दहा वर्षांचा खोडकर बार्ट, आठ वर्षांची बुद्धिमान लिसा आणि तान्ही मॅगी. तीन तपे लोटली, तरी या मुलांचे वय वाढलेले नाही. गावात अणुशक्तीपासून वीज निर्माण करणारे केंद्र आहे. होमर तेथे सुरक्षा-निरीक्षक आहे. म्हणजे जेथे कणभर हलगर्जीपणा चालावयाचा नाही, नेमका तेथेच वेंधळ्यांचा राजा पहाऱ्यास बसविलेला आहे! कामावर तो डुलक्या घेतो. डोनट म्हणजे मध्ये भोक असलेला, तळलेला गोड वडा. तो दिसला की होमरला कसलेच भान उरत नाही. मालिकेतील पुष्कळसा विनोद या विसंगतीतूनच निर्माण होतो.

पूर्वीच्या अमेरिकन मालिकांतील बाप निराळे असत. १९५४ ते १९६० या काळात ‘फादर नोज बेस्ट’ ही मालिका लोकप्रिय होती. वडिलांनाच सारे उत्तम कळते, असा त्या नावाचा अर्थ. त्यातील गृहस्थ कामावरून परते, मुलांच्या तक्रारी शांतपणे ऐके आणि बहुधा योग्य तोच निवाडा देई. त्याच्या गावाचे नावही स्प्रिंगफील्डच होते. ओरेगॉनमध्येही त्या नावाचे एक गाव आहे. मालिकेतले गाव ते हेच, असे ग्रोनिंग यांना बालपणी वाटे. मोठेपणी त्यांनी त्याच नावाच्या गावात, ज्याला फारसे काहीच कळत नाही असा बाप आणून बसविला.

पात्राची नुसती काळी छाया पाहूनही ते ओळखता आले पाहिजे, असा ग्रोनिंग यांचा दंडक आहे. होमरचे वाटोळे पोट व टकलावरचे दोन केस हे काम चोख बजावतात. आवाजाचे काम मात्र चित्रापूर्वीच होते. आधी नटांचे संवाद ध्वनिमुद्रित करावयाचे आणि मग त्या आवाजाबरहुकूम चित्रातले ओठ हलवावयाचे, अशी येथील रीत आहे. होमरला डॅन कॅस्टेलानेटा यांनी आवाज दिला. काही बिघडले की होमर ‘डोह्!’ असा उद्गार काढतो. (मराठीतील खोल पाण्याच्या डोहाशी त्याचा काही संबंध नाही.) संहितेत हा शब्द लिहिलेला नसे, वैतागाचा हुंकार काढावा, एवढीच सूचना असे. लॉरेल आणि हार्डी यांच्या जुन्या चित्रपटांत जेम्स फिनलेसन नावाचा नट असाच लांबलचक हुंकार काढी. कॅस्टेलानेटा यांनी तो आखूड केला, आणि २००१ साली त्याला ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात जागा मिळाली.

सर्वांनाच हा बाप रुचला असे नाही. अमेरिकन कुटुंबांनी सिम्प्सनांसारखे कमी व वॉल्टनांसारखे अधिक व्हावे, असे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १९९२ साली एका भाषणात सांगितले. वॉल्टन हे दुसऱ्या एका मालिकेतील सालस कुटुंब होय. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. होमर आळशी आहे, खादाड आहे. संतापाच्या भरात तो बार्टचा गळा धरतो, आणि चित्रातले असले तरी हे कृत्य हसण्यावारी नेण्याजोगे नाही. तथापि केवळ वेंधळेपणाला हसण्यासाठी लोक एखाद्या घरात इतकी वर्षे डोकावत नाहीत. ते का डोकावतात, हे १९९५ सालच्या एका भागावरून उमगते.

घरातील छायाचित्रांच्या वहीत मॅगीचे एकही चित्र नाही, असे मुलांच्या ध्यानात येते. तेव्हा होमर त्यांना मागची हकीकत सांगतो. मॅगीच्या जन्मापूर्वी त्याचे कर्ज फिटले होते. त्या आनंदात त्याने नावडती नोकरी सोडली व गावातील बोलिंगच्या क्रीडागृहात काम धरले. जड चेंडू घरंगळत सोडून दहा खुंट्या पाडण्याचा हा खेळ त्याला जिवापाड प्रिय. पगार थोडा होता. परंतु तो कामाला हसत जाऊ लागला. तोच घरात तिसरे मूल येणार असल्याचे कळले. आता त्या पगारात भागणार कसे? क्रीडागृहाचा धंदा वाढविण्याची त्याने खटपट केली, ती फसली. अखेर मान खाली घालून तो वीजकेंद्राच्या दारी परत गेला. मालक बर्न्स मोठा निष्ठुर. त्याने होमरला कामावर घेतले खरे, पण त्याच्या बसण्याच्या जागेसमोर एक पाटी ठोकविली. तू येथे कायमचा आहेस हे विसरू नकोस, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तिच्यावर होते.

‘मग मॅगीची छायाचित्रे आहेत कोठे?’ मुले विचारतात. जेथे त्यांची सर्वांत अधिक गरज आहे तेथे ती ठेवली आहेत, असे होमर सांगतो. लगेच ती पाटी दिसू लागते. होमरने तिच्यावर तान्ह्या मॅगीची छायाचित्रे अशा बेताने चिकटविली आहेत की, मधली कित्येक अक्षरे झाकून गेली आहेत. उरलेली अक्षरे जोडून वाचली की त्यांचा अर्थ होतो : ‘तिच्यासाठी कर.’