तलवार हाती घेण्याआधी

युरोपात शिकायला गेलेली आपली मुलेही कधी कधी तिथल्या ऐतिहासिक तलवारबाजीच्या वर्गाला जातात आणि इथे आई-वडिलांचा जीव टांगणीला लागतो. इटलीच्या फिओरे देई लिबेरी या उस्तादाने १४१०च्या सुमारास रचलेल्या ग्रंथासारख्या जुन्या हस्तलिखितांवरून ही विद्या आज पुन्हा शिकली जाते. दोन्ही हातांनी धरायची तलवार साधारण सव्वा ते दीड किलोची असते. सरावाच्या तलवारीला धार नसते, पण वेगात आलेले पोलाद हाड मोडू शकते.

पहिला धोका बोटांना. मूठ शरीराच्या पुढे असल्याने वार आधी तिथेच बसतो. त्यामुळे कडक कवचाचे हातमोजे नसतील, तर पोलादी तलवारीने लढत खेळू नये.

दुसरा धोका डोक्याला. १९८२ साली रोममध्ये तुटलेले पाते मुखवट्यातून शिरल्याने ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह दगावला. म्हणून गंजलेला, चेपलेला मुखवटा उसना घेऊ नये. शिवाय जाळी चेहरा वाचवते, मेंदूला बसणारा हादरा पूर्णपणे थांबवत नाही. मार लागल्यावर डोके दुखले, गरगरले, काही सुचेनासे झाले, तर त्या दिवशी खेळ बंद करून डॉक्टरांना दाखवावे. वारंवार उलट्या, गुंगी किंवा झटके आल्यास तडक रुग्णालय गाठावे.

सुरुवातीला पावले आणि संथ सराव एवढेच करावे. मनगट, कोपर, खांदा यांना ताकद यायला वेळ लागतो. घाई करणाऱ्या गुरूपेक्षा थांबवणारा गुरू बरा.