इंग्रजीचा अभ्यास : शैलीपेक्षा युक्ती महत्त्वाची

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे पदवीसाठी इंग्रजी विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली सहामाही बहुधा चाचपडण्यात जाते. व्याख्यान डोक्यावरून जाते, गाइड पाठ होते. पण उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायची वेळ आली की लेखणी अडते. अशा वेळी 'आपली शिकण्याची शैली ओळखा' हा सल्ला हमखास मिळतो. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, तर कोणी प्रत्यक्ष करून, अशी ही कल्पना.

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या अशा आवडीनिवडींचा अभ्यास अमेरिकेत जॉय रीड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष कृतीतून शिकणे त्यांपैकी बहुतेकांना पसंत होते. मात्र आवड असणे वेगळे आणि त्याचा लाभ होणे वेगळे. शैलीनुसार शिकवल्यास अधिक शिकता येते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरोल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून काढला. 'मी ऐकून शिकणारा' असा शिक्का स्वतःवर मारून वाचन टाळणाऱ्याचे त्यामुळे नुकसानच होते.

शैलीहून निराळी गोष्ट म्हणजे अभ्यासाच्या युक्त्या. शैली ही प्रवृत्ती मानली जाते. युक्ती मात्र शिकता येते. जोन रुबिन यांनी १९७५ मध्येच यशस्वी विद्यार्थ्यांची लक्षणे नोंदवली होती : ते अर्थाचा अंदाज बांधतात, चुकण्याला घाबरत नाहीत आणि स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष ठेवतात. रिबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० मध्ये अशा युक्त्यांचे सहा गट केले. स्मरण, आकलन, अंदाजाने उणीव भरून काढणे, अभ्यासाचे नियोजन, मनावरील ताण हाताळणे आणि इतरांशी संवाद, असे ते गट होत.

पाठांतराची सवय जडलेल्यांसाठी आणखी एक प्रयोग बोलका आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे सरस ठरले.

म्हणजे उतारा वाचून पुस्तक मिटावे, चार वाक्ये स्वतः लिहावीत आणि मग चुका तपासाव्यात. आरंभी हे जड जाते, गाइडइतके सुखकर वाटत नाही. पण परीक्षेच्या दालनातही पुस्तक मिटलेलेच असते.