‘पर्यंत’ एकच, मग ‘बाय’ लिहायचं की ‘टिल’?

समजा, वाळूजमधल्या एका व्हेंडरने इंग्लंडच्या बायरला मेल टाकला: ‘वी विल डिस्पॅच द मटेरिअल टिल फ्रायडे.’ याला म्हणायचंय, शुक्रवारपर्यंत माल निघेल. तिकडे अर्थ लागतो, शुक्रवारपर्यंत माल निघत राहील, नंतर बंद! तो बायर घाबरून फोन करणार नाही तर काय?

गोची आपल्या ‘पर्यंत’ची आहे. मराठीत तो दोन्ही कामं करतो. ‘शुक्रवारपर्यंत माल निघेल’ म्हणजे काम एकदाच होणार, शुक्रवार ही शेवटची मुदत. इथे ‘बाय’. ‘शुक्रवारपर्यंत दुकान बंद’ म्हणजे तोवर तीच स्थिती चालू राहणार. इथे ‘टिल’. लिहिण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, तोवर चालूच राहणार का? हो असेल तर ‘टिल’. म्हणून ‘ओल्ड रेट्स आर व्हॅलिड टिल ३१ मार्च’, पण ‘प्लीज पे बाय ३१ मार्च’.

‘पासून’चंही तसंच. आपल्या शहराचंच बघा. २४ फेब्रुवारी २०२३ला केंद्राने नव्या नावाला मंजुरी दिली. लेटरहेड, शिक्के, बोर्ड बदलायचा खर्च वेगळाच! बायरला कळवताना नुसता बदल सांगायचा असेल तर ‘द सिटी वॉज रीनेम्ड इन २०२३’. पूर्ण तारीख द्यायची असेल तर ‘इन’च्या जागी ‘ऑन’. आणि तेव्हापासून आजही तेच नाव आहे असं सांगायचं तर ‘इट हॅज बीन छत्रपती संभाजीनगर सिन्स २०२३’. इथे ‘हॅज बीन’ विसरू नका; ‘इट इज सिन्स’ खूप जण लिहितात, ते चुकीचं आहे.

पुढे होणाऱ्या बदलाला मात्र ‘सिन्स’ अजिबात चालत नाही. तिथे ‘फ्रॉम’: ‘न्यू रेट्स विल अप्लाय फ्रॉम १ एप्रिल’. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले. त्याआधी पाठवायच्या मेलमध्ये ‘फ्रॉम २२ सप्टेंबर’ हवं होतं. आज तेच सांगताना ‘द न्यू रेट्स हॅव अप्लाइड सिन्स २२ सप्टेंबर २०२५’.

आता सगळ्यात महागात पडणारं वाक्य: ‘अवर रेट्स विल गो अप बाय ५ परसेंट बाय १ एप्रिल.’ पहिला ‘बाय’ बरोबर आहे, ५ टक्क्यांनी. दुसऱ्याचा अर्थ मात्र १ एप्रिलच्या आत कधीही, अगदी उद्यासुद्धा! मार्चच्या ऑर्डरला कुठला रेट लावायचा, यावरून तिथेच वाद. दुसऱ्या ‘बाय’च्या जागी ‘फ्रॉम’ लिहा आणि मगच मेल सेंड करा.